दोघांच्या हातची होडी

केशोरीला समुद्र नाही. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे गाव मिरचीसाठी ओळखलं जातं. भोवती जंगल, धानाच्या बांध्या आणि जवळच इटियाडोह धरणाचा जलाशय. पण या भागात पडलेला पाऊस समुद्रापर्यंत जातोच. गाढवी नदी ते पाणी आरमोरीच्या बाजूला वैनगंगेत सोडते. वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला भेटते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. सिरोंच्यापाशी प्राणहिता गोदावरीत शिरते. मग पापिकोंडाच्या डोंगरांमधून वाट काढत, राजमहेंद्रीला वळसा घालून गोदावरी बंगालच्या उपसागरात उतरते. तिच्या मुखाशी, काकीनाड्याजवळच्या कांदळवनात, आजही असे संसार आहेत ज्यांचं स्वयंपाकघर, झोपायची जागा आणि कामाचं ठिकाण एकच असतं: होडी.

नवरा-बायकोने मिळून होडीवर राहायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने, खाड्या-कालव्यांतून फिरायचं, ही कल्पना ऐकायला फार गोड वाटते. अमेरिकेत, युरोपात हजारो जोडपी निवृत्तीनंतर तसं जगतात. आपल्याकडे मात्र होडीवरचा संसार बहुधा पोटासाठी मांडला जातो. हौसेचा असो की पोटाचा, दोन्हीकडे पाणी सारख्याच अटी घालतं. त्या अटी कोणत्या आणि दोन माणसं त्या कशा पाळतात, हे समजून घेण्यासारखं आहे.

कापसासाठी आखलेली जलवाट

पूर्व विदर्भातून बोटीने समुद्र गाठायचा, हा विचार नवा नाही. एकोणिसाव्या शतकात तो सरकारी योजनेच्या रूपात प्रत्यक्ष हाती घेतला गेला होता. सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात दवलेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला आणि त्रिभुज प्रदेशात कालव्यांचं जाळं विणलं. ते कालवे शेतीला पाणी देत आणि त्यांतून मालाच्या नावाही चालत. हीच वाट वर न्यावी, गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून हिंगणघाटचा कापूस थेट समुद्रावर उतरवावा, असा बेत आखला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापसाची चणचण होती, त्यामुळे या योजनेला जोर आला.

वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मुगुडेमला, दुसरा एंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीला, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात. त्यांना बगल देणारे कालवे आणि बोटी चढवा-उतरवायची जलपाशं बांधायचं काम कॅप्टन हेग या अभियंत्याच्या देखरेखीखाली सुरू झालं. जंगलातला ताप, मजुरांची टंचाई आणि वाढता खर्च यांनी कामाचा पाय मागे ओढला. तोवर कापूस न्यायला रेल्वे आली. १८७१ मध्ये योजना गुंडाळली गेली. दुम्मुगुडेमचा बंधारा आजही उभा आहे.

दीडशे वर्षांनी ती वाट पुन्हा कागदावर आली. राष्ट्रीय जलमार्ग कायदा, २०१६ ने देशातले १११ जलमार्ग ठरवले. त्यांत वैनगंगा-प्राणहिता हा १०९ क्रमांकाचा. कोकणातली अंबा नदी, दाभोळची खाडी आणि वाशिष्ठी, राजपुरीची खाडी, रेवदंड्याची खाडी आणि कुंडलिका, बाणकोटची खाडी आणि सावित्री, जयगडची खाडी आणि शास्त्री हेही त्याच यादीत आहेत. प्रत्यक्षात इटियाडोहच्या भिंतीपासून चिचडोह, मेडीगड्डा, दुम्मुगुडेम, पोलावरम आणि दवलेश्वरमपर्यंत वाटेत एकामागून एक अडसर आहेत, आणि उन्हाळ्यात वैनगंगेत ठिकठिकाणी वाळूच दिसते. केशोरीहून होडीत बसून समुद्रावर जाता येत नाही. पाणी मात्र जातं.

समुद्राला लागून, पण समुद्राच्या माऱ्यापासून आडोशाने जाणाऱ्या जलमार्गांची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या अटलांटिक आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याला समांतर असा सुमारे ४,८०० किलोमीटरचा जलमार्ग आहे. काही भाग खाड्यांचा, काही सरोवरांचा, काही खोदलेल्या कालव्यांचा. थंडी पडू लागली की उत्तरेकडची जोडपी आपल्या बोटी घेऊन त्यातून फ्लोरिडाकडे उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, चक्रीवादळांचा मोसम सुरू होण्याआधी, परत वर सरकतात. काही जण नद्या आणि पंचमहासरोवरं जोडून सुमारे ९,६०० किलोमीटरचा पूर्ण फेराच मारतात.

भारतात याच्या सर्वांत जवळ जाणारे दोन मार्ग आहेत. एक केरळचा पश्चिम किनारा कालवा. कोल्लम ते कोट्टप्पुरम हा त्याचा १६८ किलोमीटरचा टप्पा १९९३ मध्ये तिसरा राष्ट्रीय जलमार्ग झाला. दुसरा पूर्व किनाऱ्यावरचा बकिंगहॅम कालवा. त्याची सुरुवात १८०६ मध्ये चेन्नईजवळ झाली. १८७७-७८ च्या भीषण दुष्काळात लोकांना काम द्यायचं म्हणून तो वाढवला गेला आणि तेव्हाच्या गव्हर्नरचं नाव त्याला मिळालं. आंध्रातल्या पेद्दगंजामपासून तामिळनाडूतल्या मरक्काणमपर्यंत तो सुमारे ४२० किलोमीटर धावतो आणि इतर कालव्यांच्या साखळीने थेट काकीनाड्याशी, म्हणजे गोदावरीच्या मुखाशी जोडलेला आहे. एके काळी त्यातून मीठ, तांदूळ आणि लाकूडफाटा वाहिला जाई. वादळं, गाळ आणि शहरांचं अतिक्रमण यांनी आज तो जागोजागी बुजला आहे.

मुखाशी राहणारी माणसं

गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचं कांदळवन आहे. १९७८ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. कोरिंगा हे एके काळी गजबजलेलं बंदर होतं. १८३९ च्या चक्रीवादळात समुद्र आत घुसला आणि ते उद्ध्वस्त झालं. आज तिथल्या खाड्यांमध्ये मासे, कोळंबी आणि खेकडे धरणारी कुटुंबं छोट्या होड्यांवर दिवसचे दिवस काढतात. एक जण वल्हं सांभाळतो, दुसरा जाळं सोडतो. होडीच्या एका टोकाला चूल, मधे ताडपत्रीचं किंवा चटईचं छप्पर, बाजूला गोड्या पाण्याचं भांडं. भरती-ओहोटी बघून हलायचं, मासळी विकायला तेवढं काठाला लागायचं.

आग्नेय आशियातले बाजाऊ लोक तर पिढ्यानपिढ्या समुद्रावरच वाढले. ‘लेपा’ नावाच्या त्यांच्या नावेवर एक कुटुंब राही. आता बहुतेकांनी उथळ पाण्यात खांबांवर घरं बांधली आहेत, पण बुडी मारून मासे धरणं चालूच आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी जमातीपेक्षा सुमारे निम्म्याने मोठी आढळली. बुडी मारल्यावर प्लीहा आकुंचन पावते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, म्हणून श्वास जास्त वेळ रोखता येतो. पाण्यावरचं जगणं तिथे शरीरात उतरलेलं आहे.

केरळच्या त्रिशूर जिल्ह्यातल्या चेट्टुव्याची रेखा आणि तिचा नवरा कार्तिकेयन यांची कहाणी मात्र अगदी अलीकडची. कार्तिकेयन लहान होडीने समुद्रात जात. हाताखालची माणसं सोडून गेली आणि नवी ठेवायला पैसे नव्हते, तेव्हा रेखा होडीत चढली. सुरुवातीला ओकाऱ्या, चक्कर, त्यात लोकांची बोलणी. मग हळूहळू जाळं, इंजिन, लाटांचा अंदाज सगळं हाताखालून गेलं. समुद्रात मासेमारी करण्याचा परवाना मिळालेली देशातली पहिली महिला म्हणून २०१७ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिचा सत्कार केला. चार मुलींचा संसार त्या होडीने ओढला.

पाणी, वीज, गॅस

होडीवर राहायचं म्हटलं की पहिला प्रश्न गोड्या पाण्याचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते प्यायलं तर तहान वाढते, कारण तेवढं मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना त्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं. दहा-बारा मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीत साधारण ३०० लिटरची टाकी असते. जल जीवन मिशनने गावातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटरचा हिशेब धरला आहे. त्या मापाने दोन माणसांत ही टाकी तीन दिवसही पुरणार नाही. म्हणून बोटीवर माणशी दहा लिटरांत भागवायला शिकावं लागतं, म्हणजे पंधरा दिवस निघतात. भांडी खाऱ्या पाण्याने विसळायची, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. अंघोळीचंही तसंच. पैसा असेल तर खारं पाणी गोडं करणारं यंत्र बसवता येतं, पण त्याला वीज लागते.

वीज येते छतावरच्या सौर पट्ट्यांतून. चारशे वॅटच्या पट्ट्या चांगल्या उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट देतात. त्यात दिवे, पंखा, लहान फ्रिज, रेडिओ, दिशादर्शक यंत्र आणि मोबाइल सगळं आलं. ढगाळ हवेत आधी फ्रिज बंद होतो. त्यामुळे होडीवरच्या स्वयंपाकघरात डाळी, तांदूळ, सुकी मासळी, लोणचं, कांदे-बटाटे यांची चलती असते. कोकणातल्या खलाशांचं खाणंही पूर्वापार असंच होतं.

गॅसचं प्रकरण मात्र जिवाशी येणारं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो गळला तर खालच्या फटीतून, दारातून बाहेर जायला वाट असते. बोटीचा तळ चहूबाजूंनी बंद असल्यामुळे गळलेला गॅस तिथे साचून राहतो आणि एका ठिणगीने सगळं उडू शकतं. म्हणून सिलिंडर वेगळ्या कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक असतं. स्वयंपाक झाला की शेगडी बंद करायची आणि सिलिंडरचा कॉकही बंद करायचा. शेगडी दोन बाजूंच्या खिळ्यांवर टांगलेली असते. बोट कलली तरी शेगडी पातळीत राहते, भाताचं भांडं उलटत नाही.

याशिवाय बोटीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, वेग घटतो, इंधन जास्त जातं. म्हणून दर वर्ष-दोन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळ खरवडायचा आणि शिंपले धरू न देणारा रंग लावायचा. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढतात, तेव्हा हेच काम होतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. माशांच्या विणीसाठी घातलेली ही बंदी होडीच्या डागडुजीचाही काळ ठरते.

तिथी, भरती आणि नांगर

जमिनीवरचं घर जागेवर राहतं. होडी राहत नाही, कारण खालचं पाणीच दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. कोचीला तो जेमतेम मीटरभर. म्हणजे केरळात जी चूक चिखलात रुतण्यावर भागते, ती कोकणात होडी आडवी पाडू शकते.

कोकणातले कोळी आणि खलाशी भरतीची वेळ तोंडी काढतात. तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढे वाजता भरती. पंचमी असेल तर पाच गुणिले तीन भागिले चार, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते आणि तिथीगणिक पाऊण तास धरला की हिशेब बराचसा जुळतो. पौर्णिमा-अमावस्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, तेव्हा उधाण येतं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. या आडाख्यात पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो, म्हणून आज सोबत भरती-ओहोटीचं छापील कोष्टकही ठेवतात. शिवाय हे गणित कोकणचं आहे. काकीनाड्याच्या खाडीत ते चालणार नाही, तिथला आडाखा तिथल्याच माणसाकडून शिकावा लागतो.

हे गणित नांगर टाकताना कामी येतं. समजा ओहोटीला एका जागी चार मीटर पाणी आहे आणि भरतीला आणखी चार मीटर चढणार आहे. नांगराची साखळी बोटीच्या नाळेतून सुटते, नाळ पाण्यापासून मीटरभर वर. एकूण नऊ मीटर. साखळी निदान पाचपट सोडायची, म्हणजे पंचेचाळीस मीटर. तेवढी लांब असली की ओढ आडवी लागते आणि नांगराचा फाळ तळात रुततो. साखळी कमी पडली की भरतीबरोबर नांगर वर उचलला जातो, बोट सरकू लागते आणि आत झोपलेल्या दोघांना ते खडक लागेपर्यंत कळत नाही.

इथे जोडप्याची खरी परीक्षा होते. एक जण पुढे नाळेवर, दुसरा मागे सुकाणूवर. मधे इंजिनाचा आवाज आणि वारा, हाक ऐकू येत नाही. म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवलेल्या असतात: मूठ वर म्हणजे थांब, बोट डावीकडे म्हणजे डावीकडे घे, तळवा खाली म्हणजे वेग कमी. पुढचा माणूस साखळी सोडतो, मागचा बोट हळूहळू मागे घेतो, मग दोघेही काठावरच्या दोन ठळक खुणा धरतात, एखादं माडाचं झाड आणि त्यामागचं देऊळ. अर्ध्या तासाने त्या खुणा एकमेकींच्या मागे तशाच दिसल्या तर नांगर धरला असं समजायचं.

ऋतूपुढे मात्र कुणाचीच चतुराई चालत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही प्रवासी आगबोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ऐन पावसाळा होता. पश्चिम किनाऱ्यावर लहान होडीने फिरायचा काळ पावसाळा सरल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर आणि एप्रिल-मे हे चक्रीवादळांचे दिवस, म्हणजे निवांत खिडकी त्याहून लहान. आज हवामान खात्याचे इशारे, हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती केंद्राचे लाटांचे अंदाज, संकटाच्या हाकेसाठी व्हीएचएफ रेडिओची १६ नंबरची वाहिनी आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक हाताशी आहे. तरी निघायचं की थांबायचं हा निर्णय होडीवरच्या दोघांनाच घ्यावा लागतो. शिडाची बोट ताशी पाच-सहा सागरी मैल चालते, म्हणजे सायकलपेक्षाही हळू. मुंबई ते पणजी सुमारे सव्वादोनशे सागरी मैल, न थांबता गेलं तरी जवळपास दोन दिवस. एवढ्या वेळात हवा बदलू शकते.

एकाचंच काम असं काही नसतं

होडीवर राहणाऱ्या जोडप्यांच्या अनुभवातून एक गोष्ट सारखी समोर येते. दोन माणसांच्या होडीवर कुठलंही काम एकट्याच्या मालकीचं ठेवून चालत नाही. नवरा सुकाणूवर आणि बायको शेगडीवर अशी वाटणी हवा चांगली असेपर्यंत ठीक. नवरा तापाने पडला, पाण्यात पडला, तर? बायकोला बोट वळवता यायला हवी, रेडिओवर जागा सांगता यायला हवी, शीड उतरवता यायला हवं. आणि तिचा हात भाजला तर त्याला रांधता आणि साठा मोजता यायला हवा.

इंग्लंडमधल्या मॉरिस आणि मॅरलिन बेली या जोडप्याची हकिगत याचं फार मोठं उदाहरण आहे. घर विकून त्यांनी ‘ऑरालिन’ नावाची ३१ फुटी बोट घेतली आणि १९७२ मध्ये न्यूझीलंडकडे निघाले. ४ मार्च १९७३ रोजी प्रशांत महासागरात एका देवमाशाच्या धडकेने बोट फुटली आणि बुडाली. रेडिओ प्रेषक नव्हता. मॅरलिनला पोहता येत नव्हतं. एक रबरी तराफा आणि एक रबरी होडी एवढ्यावर दोघं जवळजवळ चार महिने तरंगत राहिले. पावसाचं पाणी साठवलं. मॅरलिनने सेफ्टीपिना वाकवून गळ केले, त्यावर मासे धरले. कासवं आणि समुद्रपक्षी कच्चेच खाल्ले. किती तरी जहाजं जवळून निघून गेली. मॉरिस खचत गेला तेव्हा मॅरलिनने दिवसाचं वेळापत्रक आखलं, पुढच्या बोटीचे आराखडे काढले, खेळायला कागदाचे पत्ते केले. ३० जून १९७३ रोजी एका कोरियन मासेमारी जहाजाने त्यांना उचललं. पुढे त्यांनी खरोखरच दुसरी बोट बांधून घेतली आणि पुन्हा समुद्रावर गेले.

लिन आणि लॅरी पार्डी यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी स्वतः बांधलेली ‘सेराफिन’ ही २४ फुटी बोट १९६८ मध्ये पाण्यात उतरली. तिला इंजिनच नव्हतं. बिघडण्यासारख्या वस्तू जेवढ्या कमी, तेवढी दोघांची सुटका जास्त, असा त्यांचा हिशेब. त्या बोटीने त्यांनी अकरा वर्षं जगभर भटकंती केली. नंतरची त्यांची ‘टालेसिन’ही इंजिनाविनाच चालली. शिवणकाम, सुतारकाम, ताऱ्यांवरून जागा काढणं हे दोघांनीही आत्मसात केलं होतं. वाटेत इतरांच्या बोटी दुरुस्त करून आणि लेख लिहून त्यांनी खर्च भागवला.

भारतीय नावंही आता या यादीत आहेत. नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन गौरव गौतम आणि वैदेही चिटणवीस या जोडप्याने सामानसुमान निकालात काढून ‘रीवा’ या ४२ फुटी शिडाच्या बोटीवर मुलीसह मुक्काम हलवला आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवर फिरत राहण्याचं आयुष्य निवडलं. मुलीचं शिक्षण बोटीवरच. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही बोट बांधली गेली. तीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने शिडाच्या जोरावर पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच कारखान्यातल्या ‘तारिणी’वरून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात जगाला फेरी घातली. दोघीच असल्यामुळे रात्रंदिवस आळीपाळीने पहारा. एक झोपली की दुसरीच्या हातात शीड, सुकाणू, हवामान, सगळं काही. एकीला येतं आणि दुसरीला येत नाही असं काम त्या बोटीवर असणं परवडणारच नव्हतं.

परवान्यावर कुणाचं नाव?

पोटासाठी पाण्यावर जाणाऱ्या जोडप्यांकडे या नजरेने पाहिलं की एक विसंगती टोचते. होडीवर दोघं बरोबरीने राबतात, पण कागदावर बहुधा एकच असतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारीच्या काळातले हजारो तलाव आहेत. मालगुजारी गेली आणि ते माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव झाले. त्यांवर आणि इटियाडोह, नवेगावबांधसारख्या मोठ्या पाण्यावर ढिवर समाजाचं पोट चालतं. पुरुष डोंगा घेऊन जाळं टाकतो, बाई जाळं विणते-सांधते, मासळी निवडते, टोपलं डोक्यावर घेऊन आठवडी बाजार गाठते, उधारी वसूल करते. अर्जुनी मोरगाव भागातले पतिराम तुमसरे यांनी तलावातल्या कोणत्या पाणवनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा वाढतो, हे ज्ञान जपलं आणि त्या वनस्पती पुन्हा लावून उजाड झालेला तलाव सावरला. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ही माहिती नोंदवून अनेक तलावांत कामाला लावली. शालू कोल्हे यांनी ढिवर बायकांना संघटित केलं. वनस्पती लावण्यापासून बेशरमाचं झुडूप उपटण्यापर्यंत चिखलातलं बरंच काम बायकांनी केलं आहे. मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासद यादीत मात्र त्यांना जागा मिळवण्यासाठी झगडावं लागलं.

हा प्रश्न मानापमानापुरता नाही. २०२० पासून राबवल्या जाणाऱ्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराला अपघाती मृत्यूसाठी पाच लाख रुपयांचं विमासंरक्षण आहे. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्डही मिळू शकतं. पण विमा असो, कर्ज असो की बंदीच्या काळातली मदत, सगळं ‘मच्छीमार’ म्हणून झालेल्या नोंदीवर अवलंबून असतं. वल्हं मारणाऱ्या बाईची नोंद ‘गृहिणी’ म्हणून झाली असेल, तर वादळात होडी उलटल्यावर तिचा जीव या हिशेबात धरला जात नाही. लाइफ जॅकेटही बहुतेक वेळा एकच असतं, आणि ते कोणी घालायचं हे ठरलेलं असतं.

चेट्टुव्याच्या रेखाला परवाना मिळाला म्हणून तिची बातमी झाली. तिच्यासारख्या बाया गोदावरीच्या मुखाशी आणि कोकणातल्या खाड्यांमध्येही रोज पाण्यावर असतात, त्यांची बातमी होत नाही. त्यांच्यासाठी करायचं ते अवघड नाही. होडीची नोंदणी दोघांच्या नावाने व्हावी, संस्थेचं सभासदत्व दोघांना मिळावं, पोहणं, इंजिन आणि रेडिओचं प्रशिक्षण दोघांना द्यावं, आणि दोन माणसांच्या होडीत दोन लाइफ जॅकेटं असावीत. मत्स्यव्यवसाय खात्याच्या अर्जावर सहअर्जदाराचा एक रकाना वाढवला, तर यातलं निम्मं काम मार्गी लागेल.